घराण्याचा माग आणि माहेरचे नाव
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वैजापूर परिसरात प्रथम येऊन स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांची वंशावळ, हा विषय विश्वस्तांनी मला सुचविला. सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी तो अत्यंत उचित आहे. परंतु कोणत्याही एका घराण्याची नामावली येथे वाचून दाखविण्याचा माझा मानस नाही. वंशावळीचा माग कसा काढावा, तिचा पुरावा कोठे मिळतो, आणि त्या नामावलीतून नेमके कोण गळत आले आहे, या तीन गोष्टींचा विचार आपण करू.

आपल्यापैकी बहुतेकांना आपले मूळ गोत्रावरून सांगता येते. खंडेलवाल बांधव खंडेल्याचे नाव घेतात, ओसवाल बांधव ओसियाचे. अजमेरा, पाटणी, कासलीवाल या नावांत गावे दडलेली आहेत. भंडारी, कोठारी या नावांत पूर्वजांची कामे दडलेली आहेत. पण गोत्र फार मागचे सांगते आणि आडनाव फार थोडे सांगते. आपले खापरपणजोबा मारवाडातील कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणाच्या आधाराने येथे आले, हा मधला दुवाच नेमका हरवलेला असतो.

या प्रवासाची सर्वसाधारण रूपरेषा आपणास परिचित आहे. आधी उंटांचे तांडे आणि पायवाट, पुढे आगगाडी. इ. स. १८८१ पर्यंत अजमेर आणि अहमदाबाद लोहमार्गाने जोडले गेले. इ. स. १९०० च्या सुमारास मनमाडहून निजामाच्या मुलखात गाडी धावू लागली आणि आपले रोटेगाव स्थानक नकाशावर आले. त्याच काळात, विक्रम संवत १९५६ मध्ये, मारवाडात तो भीषण दुष्काळ पडला, ज्याला आजही 'छप्पनिया' म्हणतात. वैजापूर तालुका निजामाच्या राज्यात, आणि गोदावरी ओलांडली की इंग्रजी अंमलातील नगर जिल्हा, अशी स्थिती होती. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद दोन राज्यांत विभागले गेले. अलीकडचे उर्दूत, पलीकडचे मोडीत, आणि घरच्या वह्या महाजनी लिपीत.

आता पुरावा कोठे शोधावा? पहिला पुरावा वहीवंचांचा. भाट, बडवे, कुलगुरू हे यजमानांच्या गावोगाव फिरून वंशाची वही वाचीत आणि नवीन जन्मांची नोंद करून घेत. दुसरा पुरावा महसुली कागदांचा, म्हणजे पहाणीपत्रक, खासरापत्रक आणि फेरफार. तिसरा आपल्या पेढीच्या वह्यांचा. चौथा मंदिरातील मूर्तिलेखांचा. पाचवा पुरावा आपण पुरावा म्हणून कधी पाहतच नाही. तो म्हणजे घरातील पितळी भांड्यांवर कोरलेली नावे.

या प्रत्येक साधनाला एक खोच आहे, ती ध्यानी असावी. पेढीच्या नावात बहुधा बाप-लेकांची नावे एकापुढे एक असतात. 'वालचंद हिराचंद' या सुविख्यात नावात वालचंद हे पुत्र आणि हिराचंद हे पिता; त्या पित्याचे नाव 'हिराचंद नेमचंद' असे लिहिले जाई. दोन नावे जोडली की तीन पिढ्या उभ्या राहतात, पण दोशी हे आडनाव मात्र त्यांत कोठेच दिसत नाही. शिवाय पेढीचे नाव मूळ पुरुषाच्या पश्चातही तसेच चालू राहते. म्हणून एखाद्या सालच्या वहीवर आजोबांचे नाव आहे, एवढ्यावरून त्या साली ते हयात होते असे सिद्ध होत नाही.

मूर्तिलेखाचेही तसेच आहे. विक्रम संवत १५४८, म्हणजे इ. स. १४९१ च्या सुमारास, जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते मुडासा येथे हजारो जिनबिंबांची प्रतिष्ठा करविली आणि ती गावोगावच्या मंदिरांना पोहोचविली. देशभरातील असंख्य दिगंबर मंदिरांत संवत १५४८ ची मूर्ती सापडते ती त्यामुळे. अशा मूर्तीवरील साल पाहून 'आमचे घराणे पाचशे वर्षांपासून येथे आहे' असे म्हणणे भक्तीला शोभेल, इतिहासाला शोभणार नाही. मूर्ती आधी घडते आणि मागाहून प्रवास करते.

तिथीचा घोळ तर विचारूच नये. घरच्या वहीत विक्रम संवत, पंचांगात शालिवाहन शक, मंदिरात वीर निर्वाण संवत आणि सरकारी कागदावर फसली सन! फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळविले की इसवी सन येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. त्यातही मारवाडात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. भगवान महावीरांच्या निर्वाणाची अमावास्या आपण आश्विनाची म्हणतो; तीच मारवाडी पंचांगात कार्तिकाची असते. त्यामुळे वद्य पक्षातील जन्मतिथी वाचताना एक महिन्याचा फरक सहज पडतो.

हे कोडे केवळ आपलेच नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून 'क्वेकर' नावाचा पंथ उदयास आला. युद्धात भाग घ्यायचा नाही, शपथ घ्यायची नाही, दुकानात एकच भाव सांगायचा, अशी त्यांची शिस्त. पुढे त्यांच्यातून मोठमोठे व्यापारी आणि पेढीवाले निर्माण झाले. छळाला कंटाळून त्यांतील अनेक कुटुंबे समुद्रापार गेली. १६८२ मध्ये विल्यम पेन अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात उतरले आणि तेथे या पंथाची मोठी वसाहत झाली. महिन्यांना जुन्या देवतांची नावे नकोत, म्हणून हे लोक 'पहिला महिना, दुसरा महिना' असे लिहीत. १७५२ पूर्वी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होत असल्याने त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च. त्यांच्या वंशजांनाही तारखा अशाच जुळवून घ्याव्या लागतात.

तरीही त्या वसाहतकारांची वंशावळ आज विलक्षण नेमकेपणाने सांगता येते. त्याची कारणे आपण समजून घेण्यासारखी आहेत. एखादे कुटुंब गाव सोडून निघाले की जुन्या गावची सभा नव्या गावच्या सभेच्या नावे दाखला देई, आणि नव्या गावी त्याची नोंद होई. विवाहात पुरोहित नसे. वधूवर सभेसमोर वचन देत आणि उपस्थित सर्वजण विवाहपत्रावर साक्षीदार म्हणून सह्या करीत. त्या सह्यांत स्त्रियाही असत. स्त्रियांच्या सभा वेगळ्या भरत आणि त्यांची इतिवृत्ते वेगळी ठेवली जात. विल्यम वेड हिन्शॉ यांनी १९३६ पासून या सभांच्या नोंदी संकलित करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मूळ नोंदीत आई, बहीण, सून यांची नावे होती, म्हणूनच त्या ग्रंथांत ती आली.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या वंशावळीत पुरुषामागून पुरुष येतात. स्त्री मात्र आढळत नाही; आढळलीच तर 'अमुक यांची पत्नी' एवढीच. ही उणीव केवळ न्यायाची नाही, शोधाचीही आहे. स्त्रीचे माहेर नोंदविल्याशिवाय आपल्या स्थलांतराचा मार्ग उलगडतच नाही.

याचे बोलके उदाहरण कविवर बनारसीदासांचे आहे. त्यांनी विक्रम संवत १६९८, म्हणजे इ. स. १६४१ मध्ये 'अर्धकथानक' लिहिले. त्यात आरंभी स्वतःच्या कुळाची हकीकत दिली आहे. घराणे श्रीमाळ, गोत्र बिहोलिया. आजोबा मूलदास नरवर येथे एका मोगल सरदाराकडे मोदी होते. ते निवर्तल्यावर सरदाराने घरदार जप्त केले. तेव्हा त्यांची विधवा पत्नी लहानग्या खरगसेनला घेऊन जौनपूरला आपल्या वडिलांकडे, मदनसिंह चिनालिया या जवाहिऱ्याकडे, गेली. पुढे याच खरगसेनांच्या पोटी बनारसीदास जौनपुरातच जन्मले. नरवर आणि जौनपूर यांना जोडणारा दुवा कोणता? एका विधवेचे माहेर. केवळ पुरुषांची नावे लिहून ठेवली असती, तर हे कुटुंब नरवरहून थेट जौनपूरला का गेले, हे कोणालाही कळले नसते.

आपल्याकडेही असेच घडत आले. कोणी मामाच्या दुकानी मुनीम म्हणून आला, कोणी बहिणीच्या आधाराने, कोणी सासऱ्यांच्या पेढीवर, कोणी मावशीला दत्तक. आपल्या घरातील वृद्धांना विचारा. 'आम्ही कोणामुळे येथे आलो' या प्रश्नाच्या उत्तरात बहुधा एखादी आत्या, मावशी किंवा नणंद निघते. सोयरसंबंध जुळविताना स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे गोत्र पाहण्याची रीत आपल्याकडे होती. म्हणजे आजीचे गोत्र आपण कटाक्षाने लक्षात ठेवले आणि आजीचे नाव विसरलो!

हे विस्मरण आपल्या परंपरेत मुळातले नाही. कल्पसूत्रात भगवान महावीरांच्या संघाची गणना आहे. तेथे चौदा हजार साधूंसोबत छत्तीस हजार साध्वी आहेत आणि त्यांच्या अग्रणी चंदनबाला यांचे नाव आहे. तीन लाख अठरा हजार श्राविका आहेत, आणि सुलसा व रेवती ही नावे आहेत. चतुर्विध संघाचा चौथा स्तंभ नावासह मोजला गेला आहे.

पुरावा इतक्या दूरही शोधायला नको. आपल्या वेरूळच्या डोंगरावर, लेण्यांच्या वरच्या बाजूस, पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्या पीठावरील लेख शके ११५६ चा, म्हणजे इ. स. १२३४-३५ चा आहे. वर्धनपूर येथे रानुगी झाला. त्याचा पुत्र गालुगी. गालुगीची पत्नी स्वर्णा. या दोघांना चक्रेश्वर आदी चार पुत्र. आणि त्यांतील दानशूर चक्रेश्वराने ही मूर्ती करविली, असा त्याचा आशय आहे. मूळ गाव, आजोबा, वडील, आई, भाऊ, तिथी आणि सत्कृत्य, सारे काही थोडक्या ओळींत आले आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या शिलालेखाने दात्याच्या आईचे नाव दगडावर जपले. पुढच्या काळातील अनेक धातुमूर्तींच्या मागेही 'भार्या' या शब्दापुढे स्त्रीचे नाव कोरलेले आढळते. दगड आणि धातू यांनी जे राखले, ते आपल्या कागदांनी गमावू नये.

म्हणून माझी विनंती आहे की ट्रस्टने प्रत्येक घराण्यासाठी एक नोंदवही सुरू करावी. तिच्यात प्रत्येक व्यक्तीसमोर आईचे नाव, तिचे माहेरचे गाव आणि गोत्र यांचे रकाने असावेत. दत्तक असल्यास जन्मदात्या घराचीही नोंद व्हावी. लेक विवाह होऊन गेली म्हणून तिची ओळ तेथेच खंडित करू नये. आणि माहिती कोठून मिळाली, ऐकीव की लेखी, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणून लिहिण्यात कमीपणा नाही. सत्यव्रताला तेच धरून आहे. स्त्रियांची नावे आहेराच्या याद्यांत, मायऱ्याच्या खर्चाच्या नोंदींत, व्रताच्या उद्यापनात मंदिराला दिलेल्या उपकरणांवर आणि माहेरहून आलेल्या हंड्या-कळशांवर सापडतील.

हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. जुने वाडे पाडून नव्या इमारती उभ्या राहत आहेत. माळ्यावरच्या लाल वह्या रद्दीत जातात आणि पितळी भांडी मोडीत. मोडी आणि महाजनी वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. काही घरांतून वह्या दाखविण्यास संकोच वाटतो, कारण त्यांत देण्याघेण्याचे व्यवहार आहेत. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, हा इतिहासही आपण नाकारू शकत नाही. पण त्याच वह्यांत तालुक्यातील शेतकऱ्यांच्या पूर्वजांचीही नावे आहेत. ती वही जतन केली तर केवळ आपलेच नव्हे, शेजाऱ्याचेही घराणे सापडेल.

वंशावळ लिहिल्याने वंश टिकतोच असे नाही. बनारसीदासांची नऊही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. तरीही त्यांनी आपल्या कुळाची हकीकत, नफ्यातोट्यासह, प्रामाणिकपणे लिहिली. म्हणून आज पावणेचारशेहून अधिक वर्षांनी आपण येथे वैजापुरात त्यांच्या आजीच्या प्रवासाविषयी बोलू शकतो.

उद्या सकाळी घरातील सर्वांत वृद्ध मातेजवळ बसावे, आणि 'तुमच्या आईचे नाव काय, त्या कोणत्या गावच्या?' एवढे दोनच प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यावे. नोंदवहीचे पहिले पान तेथेच तयार होईल.