लग्नाच्या गुच्छातली निळी फुले



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते. मांडव, वाजंत्री, जेवणावळ यांच्या याद्या होऊ लागतात. अलीकडे या यादीत एक बाब वाढली आहे, ती वधूच्या हातातल्या पुष्पगुच्छाची. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत ही रीत जुनीच. आता स्वागतसमारंभाच्या वेळी इतर घरांतल्या मुलीही हाती गुच्छ घेतात. एखादी म्हणते, "मला निळ्या फुलांचा हवा." फूलवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून वडिलांचा चेहरा उतरतो. लेकीची हौस मोडवत नाही, आणि हौसेपायी उसनवारीही परवडत नाही. यातून वाट कशी काढावी, ते आज पाहू.

आधी निळे फूल महाग का, हे समजून घ्या. खरा निळा रंग थोड्याच फुलझाडांना साधतो. पाकळीत त्यासाठी विशिष्ट रंगद्रव्य लागते आणि पाकळीतल्या रसाची आम्लताही जुळावी लागते. गुलाबात ते द्रव्य मुळी तयारच होत नाही. जपानातील सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलझाडाचे जनुक घालून 'निळा' गुलाब केला आणि 2009 साली विक्रीस आणला. तोही दिसतो जांभळटच. तेव्हा बाजारात गर्द निळा गुलाब दिसला, की तो रंगवलेला आहे असे खुशाल समजा. ओल्या पांढऱ्या फडक्याने पाकळी टिपून पाहा. फडक्याला रंग लागला, तर तो शालूलाही लागेल, बरं का!

दुसरे महागडे फूल हायड्रेंजियाचे. आम्ल जमिनीत त्याच्या मुळांना ॲल्युमिनियम मिळते आणि फूल निळे होते. चुनखडीच्या जमिनीत तेच झाड गुलाबी फुलते. देशावरच्या आपल्या काळ्या जमिनीत चुना बहुधा असतोच. म्हणून हे फूल थंड, डोंगराळ भागातून यायचे, आणि वाटेतल्या नासधुशीचा खर्चही आपल्याच माथी बसायचा.

मग स्वस्त काय? पहिली आपली गोकर्ण. कुंपणावर चढणारी ही वेल खऱ्या निळ्या रंगाची. बी टणक असते. रात्रभर भिजवून लावा. साधारण दोन-अडीच महिन्यांत फुले येऊ लागतात. मात्र फूल एकाच दिवसाचे. सकाळचा मुहूर्त असेल तर पहाटे तोडून ओल्या फडक्यात, केळीच्या पानात गुंडाळून ठेवा. गोरज मुहूर्ताला मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नका, तोवर ती मिटलेली असते. देठ आखूड म्हणून गुच्छ बांधून झाल्यावर, अगदी शेवटी खोचावी.

दुसरे ॲस्टर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'फुले गणेश व्हायोलेट' व 'फुले गणेश पर्पल' हे वाण आपल्याकडे चांगले येतात. पेरणीपासून तीन-साडेतीन महिन्यांत फूल हाती येते. रंग जांभळट, हे खरे; पण पांढऱ्या फुलांत बसवला की निळसर वाटतो. तारीख ठरली, की मागे मोजून वाफा टाका.

तिसरे स्टॅटिस. शहरातल्या फूलबाजारात निळ्या-जांभळ्या कागदी फुलांच्या काड्या मिळतात, त्या याच. रंग पाकळीत नसून बाहेरच्या संदलात असतो, म्हणून फूल सुकले तरी रंग टिकतो. दोन दिवस आधी आणून ठेवली तरी चालतात.

आता गुच्छाचा हिशेब. सगळा गुच्छ निळा करण्याची गरज नाही. निशिगंधाचे 6 दांडे, ॲस्टरची 10 ते 12 फुले, स्टॅटिसच्या 3-4 काड्या आणि कडेने हिरवा पाला, एवढ्यात हातभर गुच्छ होतो. पांढरे फूल आपल्याकडे मुबलक; निळे थोडे असले तरी त्यात उठून दिसते.

फुले सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर तोडा. देठ धारदार सुरीने तिरपे कापा, पाण्यात बुडणारी पाने काढा आणि बादली सावलीत ठेवा. लग्नघरात आंबे किंवा केळी पिकत घातलेल्या खोलीत मात्र ठेवू नका. पिकत्या फळांतून जो वायू निघतो, त्याने फुले लवकर कोमेजतात.

आणि एक विनंती. निळे हवे म्हणून रानात हात घालू नका. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. त्या फुलोऱ्यातूनच तिचे पुढचे बी धरते. कासच्या पठारावरची सीतेची आसवे तर तोडायची नव्हेत, पाहायची. हे पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेच्या कुंपणावर गोकर्ण लावा. तिच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या की पाणी निळे होते. लिंबू पिळले की जांभळे, सोडा घातला की हिरवट. आम्ल आणि अल्क यांचा धडा मुलांना फुकटात दिसेल. शिवाय वेल बहरली, की गावातल्या एखाद्या लेकीच्या लग्नाला ओंजळभर निळी फुले शाळेतूनच जातील. त्यांचे मोल फूलवाल्याच्या आकड्यात मोजता यायचे नाही.