सीमेवरची साठ फुटांची पट्टी

अमेरिका-मेक्सिको सीमेलगत साठ फूट रुंदीची सरकारी जमीन आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७ मध्ये तस्करी रोखण्यासाठी ती राखून ठेवली. एप्रिल २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोतली पट्टी लष्कराकडे सोपवून तिला लष्करी तळाचा भाग ठरवण्यात आले. १८७८ च्या कायद्यानुसार, संसदेने किंवा राज्यघटनेने स्पष्ट मुभा दिल्याशिवाय सैन्याला पोलिसी काम करता येत नाही. मात्र तळावर घुसणाऱ्याला सैनिक अडवू शकतात. म्हणजे कायदा तसाच राहिला, बदलला तो जमिनीचा दर्जा. आणि माझा आक्षेप नेमका इथेच आहे.

सीमेचे रक्षण हे सरकारचे कर्तव्यच, आणि सैनिक फक्त तात्पुरते ताब्यात घेऊन माणसाला सीमा गस्ती दलाकडे देतात, असे समर्थक म्हणतात. दोन्ही म्हणणी खरी आहेत. पण मे २०२५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या न्यायालयाने अनेक स्थलांतरितांवरचे लष्करी हद्दीत घुसल्याचे आरोप फेटाळले, कारण ती हद्द लष्करी असल्याचे त्यांना ठाऊक होते याचा पुरावा नव्हता. सैन्याला पोलिसी अधिकार द्यायचेच असतील, तर ते संसदेत उघड चर्चा करून द्यावेत. जमिनीचे हस्तांतर हा त्याला पर्याय असू शकत नाही.