मी पाहिलेला झाडूचा खेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला परदेशातील अनुभवांवर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात धबधबे आणि उंच इमारती असाव्यात. ते सारे तुम्ही घरबसल्या पडद्यावर माझ्यापेक्षा चांगले पाहिले आहे. मी आज एका खेळाविषयी बोलणार आहे. त्याचे नाव कर्लिंग. तो बर्फावर खेळतात, आणि त्याला लागतो एक दगड व एक झाडू. हसा खुशाल, मीही हसले होते.

माझी लेक कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात, रेजायना शहराजवळच्या एका गावी असते. मुलूख सपाट आणि शेतकऱ्यांचा. आपल्या देशात बाहेरून येणाऱ्या मसुरीपैकी पुष्कळशी त्याच मातीतली. पण हिवाळ्याचे पाच महिने तिथली जमीन दगडासारखी गोठलेली असते. आपल्याकडे वावरातले काम सरले की पट भरतात, कुस्त्यांच्या दंगली होतात. तिकडे शेतकरी कर्लिंग खेळतात. गाव एवढेसे, पण कर्लिंगची शेड मात्र आहेच.

जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आज माझा सामना आहे. येतेस पाहायला?" बाहेर उणे तीस. मी लुगड्यावर जावयाचा जाड कोट चढवला, पायांत दोन दोन मोजे घातले आणि निघाले.

आत गेल्यावर पाहते तो लांबच लांब बर्फाच्या पट्ट्या. एकेक पट्टी सुमारे पंचेचाळीस मीटर लांब आणि पाचेक मीटर रुंद. दोन्ही टोकांना रंगीत वर्तुळे काढलेली, सर्वांत मोठे बारा फूट व्यासाचे. त्याला ते लोक 'घर' म्हणतात. खेळापूर्वी एक माणूस पाठीवर टाकी घेऊन बर्फावर पाण्याचा बारीक सडा घालीत चालला होता. थेंब पडल्याबरोबर गोठतात, त्यांचे खडे होतात आणि त्या खड्यांवरून दगड घसरतो. सडा, झाडू, घर! मी लेकीला म्हटले, "अगं, हे तर आपले सकाळचे अंगणच की!"

दगड म्हणजे जात्याची वरची तळीच डोळ्यांपुढे आणा. फक्त खुंट्याच्या जागी मूठ. वजन वीस किलोच्या आतबाहेर, जुन्या हिशेबाने अर्धा मण. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ एल्सा क्रेग नावाचे एक निर्जन बेट आहे. ऑलिंपिकमधले दगड तिथल्या ग्रॅनाइटचे असतात. खेळही मूळचा स्कॉटलंडचाच. तिथे १५११ साल कोरलेला एक दगड अजून जपून ठेवला आहे.

एका बाजूला चौघी. प्रत्येकीने दोन दगड सोडायचे, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून सोळा. सोडताना मुठीला किंचित पीळ देतात, त्यामुळे दगड वळत वळत जातो. त्याच्यापुढे दोघीजणी जीव तोडून झाडत धावतात. केर काढावयास नव्हे. घासल्याने बर्फ जरासा ऊबतो, दगड आणखी काही हात पुढे जातो आणि कमी वळतो. पूर्वी खरोखरीच्या काड्यांच्या केरसुण्या असत, आता कापड लावलेले ब्रश आले आहेत. पलीकडच्या टोकाला चौघींतली म्होरकी उभी राहून ओरडत असते : झाडा, थांबा, झाडा! तिला स्किप म्हणतात. सोळाही दगड झाले की ज्या बाजूचा दगड घराच्या मध्याशी सर्वांत जवळ, तिलाच गुण. दुसऱ्या बाजूला शून्य. कॅरममध्ये आपण दुसऱ्याची सोंगटी उडवतो, तसा इथे दुसऱ्याचा दगड ठोकून घराबाहेर घालवतात. नाही तर आपला एक दगड आधीच पुढे पहाऱ्याला ठेवतात आणि दुसरा त्याच्या आडून वळवून आत नेतात.

पहिला अर्धा तास मला काहीच कळले नाही. प्रेक्षकांना बसावयास वर काचेआड उबदार खोली होती, कॉफी होती. शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने मला खुणांनी युक्ती सांगितली : दगडाकडे पाहू नको, त्या म्होरकीच्या ब्रशाकडे पाहा. ती जिथे ब्रश टेकवते, तिथे नेम धरायचा असतो. तेव्हापासून मी दगड सुटण्यापूर्वीच मनाशी म्हणू लागले, आता हा ठोकणार, आता हा लपणार. दोनदा माझे बरोबर आले. पटाच्या जोड्या धूळ उडवीत डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच निघून जातात. इथे दगड सुटल्यापासून थांबेपर्यंत वीस-पंचवीस सेकंद मिळतात. तेवढ्यात चिंता करता येते, नवस बोलता येतो, शेजारणीचा हातही धरता येतो. पाहणाऱ्या बाईला याहून सोयीचा खेळ नाही, असे माझे मत झाले.

मग मी काचेआडून उठले आणि खाली बर्फाच्या कडेला जाऊन उभी राहिले. वर आवाज येत नव्हता. खाली तो ऐकू आला : दगड त्या खड्यांवरून जाताना घरघरतो, अगदी पहाटेच्या जात्यासारखा. लहानपणी आम्ही मुली पट पाहावयाचो तो लांब उभ्या केलेल्या गाडीतून, आजीच्या पदराआडून. मैदानाच्या इतक्या जवळ मी जन्मात प्रथमच उभी होते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगू की नको, असे दोन दिवस चालले होते. लेक आठवीत असताना तिची खो-खोच्या संघात निवड झाली होती. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो आणि सामने अकोल्याला होते, दोन रात्रींचा मुक्काम. घरातल्या पुरुषमंडळींनी नाही म्हटले असे मी पुढे लोकांना सांगत आले. ते खरे नाही. यजमान "जाऊ दे" म्हणाले होते. नाही म्हटले ते मी. अर्धी चड्डी, परगाव, लोक काय म्हणतील, सारे मीच बोलले. ती रडली नाही. खेळाचे बूट तिने शेजारच्या मुलीला देऊन टाकले.

त्या मंगळवारी सातव्या डावात तिची बाजू एका गुणाने पुढे होती. ती झाडत होती आणि तिचा ब्रश चालत्या दगडाला निसटता लागला. मी कडेला होते म्हणून मला दिसले. दुसऱ्या कोणाला दिसले नसावे. पंच नव्हताच. तिने लगेच हात वर करून सांगितले आणि तो दगड बाद झाला. त्या डावात प्रतिपक्षाला दोन गुण मिळाले आणि शेवटी सामनाही त्यांनीच जिंकला. सामन्याआधी सर्वांनी हात मिळवले होते, नंतरही मिळवले. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना काही प्यावयास द्यावे अशी तिथली रीत आहे. त्यांनी माझ्याही हातात कॉफीचा कप ठेवला.

परत येताना गाडीत मी तिला म्हटले, "अकोल्याला तुला जाऊ द्यायला हवे होते." ती बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आई, पुढच्या मंगळवारीही सामना आहे." मी पुढच्याही मंगळवारी गेले, आणि तिथे होते तोवर एकही मंगळवार चुकवला नाही.

त्या मुलखात सँड्रा श्मर्लर हे नाव घराघरांत ऐकू येते. ज्या १९९८ साली आपला वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याच साली फेब्रुवारीत जपानमधल्या नागानो ऑलिंपिकमध्ये बायकांच्या कर्लिंगला पहिल्यांदा पदक ठेवले गेले. ते पहिले सुवर्णपदक सस्कॅचेवानच्या या बाईच्या चमूने जिंकले, घरी तान्ही मुलगी असताना. २००० सालच्या मार्चमध्ये ती कर्करोगाने गेली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. तिचे नाव काढले की ती शेजारची म्हातारी अजून डोळे पुसते.

आणि लसणाच्या गावच्या मुली! कोरियात उइसाँग नावाचा शेतीचा तालुका आहे, लसणासाठी प्रसिद्ध. तिथे २००६ साली कर्लिंगची इमारत झाली. शाळेतल्या मैत्रिणी खेळू लागल्या. एकीची धाकटी बहीण काही वस्तू पोचवावयास आली, ती तिथेच रमली. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये या मुलींनी उपांत्य सामन्यात जपानला जादा डावात ८-७ ने हरवले आणि रौप्यपदक मिळवले. पाचही जणींचे आडनाव किम! त्यांची चष्मेवाली म्होरकी मैत्रिणीला "योंगमी! योंगमी!" अशा हाका मारी, कधी हळू, कधी जोरात, आणि झाडणारीला त्यातूनच सारे कळे. आपल्याकडे सासू एकाच नावाने सुनेला सात प्रकारे हाक मारते, तसेच.

त्या सामन्याची चित्रफीत लेकीने मला पाठवली आहे. फराळानंतर ज्यांना घाई नाही त्यांनी थांबावे, आपण ती येथेच पाहू. आणि शनिवारी सकाळी आठ वाजता कन्याशाळेच्या मैदानावर मुलींचे खो-खोचे सामने आहेत. मी सतरंजी घेऊन जाणार आहे. सतरंजी मोठी आहे.