रियाजाची वेळ कुणी खाल्ली?

(झाई येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला गाण्याबद्दल बोलायला सांगितलंय, पण सुरुवात मी घड्याळापासून करणार आहे.

आपला गाण्याचा गट सुरू झाला तेव्हा ठरलं होतं, दर गुरुवारी संध्याकाळी सहाला एक तास सराव. मांगेल आळीतल्या मासळी सुकवणाऱ्या बाया, वारली पाड्यांवरच्या बाया, उंबरगावच्या कारखान्यांतून सुटून येणाऱ्या मुली. पेटीवर मी. थंडीत पंचवीसजणी जमायच्या. मार्च सरता सरता सातजणी उरल्या. एप्रिलमधल्या एका गुरुवारी मी एकटीच पेटी उघडून बसले होते.

खरं सांगते, मला राग आला. वाटलं, बायांना गाण्याचं काही पडलेलं नाही. मग घरोघरी जाऊन एकेकीचा दिवस लिहून काढला, तेव्हा माझीच मला लाज वाटली.

बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या वलांडीवर टांगायच्या, हे काम पूर्वी सकाळी आरामात चालायचं. आता ऊन सोसत नाही म्हणून बाया पहाटे चारला उठतात आणि उरलेलं काम ऊन उतरल्यावर करतात. विहिरीचं पाणी खाली जातं, संध्याकाळी रांग लागते. पत्र्याच्या शेडमध्ये आठ तास उभी राहिलेली मुलगी घरी येऊन आडवी होते, तरी भाकऱ्या तिलाच थापायच्या असतात. उन्हानं दिवसाचा मधला भाग खाल्ला आणि बाईनं तो आपल्या संध्याकाळीतून भरून दिला. गडीमाणसं त्याच वेळी वारा खायला किनाऱ्यावर बसलेली होती.

हे फक्त झाईचं नाही. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं. त्यावर उष्म्याचं ओझं आलं की ते कुणाच्या डोक्यावर जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आणि उष्मा वाढतोच आहे. औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत जगाचं सरासरी तापमान दीड अंशाहून जास्त राहिलं, असं २०२४ हे पहिलं वर्ष. आपला अरबी समुद्र गेल्या चार दशकांत एक अंशाहून अधिक तापलाय. तापलेल्या पाण्यावर वादळं पोसली जातात. २००९चं फयान, २०२१चं तौक्ते आपण पाहिलं. कोळसा आणि तेल जाळून ज्यांनी हवा तापवली, त्यांत वलांडीवर बोंबील टांगणारी बाई कुठे बसते?

मग प्रश्न येतो, आणि तो मलाही छळतो. एवढं सगळं जळत असताना सा-रे-ग-म करत बसायचं का? समाजकार्याचं शिक्षण घेताना मी पेटी शिकले. नोकरी लागल्यावर ती सहा वर्षं माळ्यावर पडून होती. रियाज ही चैन वाटायची.

मला शहाणं केलं ते एका धवलेरी आजीनं. वारली लग्न धवलेरीच्या गाण्याशिवाय लागत नाही, हे तुम्ही जाणता. मी विचारलं, "आजी, एवढं पाठ कसं राहतं?" ती म्हणाली, "मोठ्या बायांच्या बाजूला बसलं की येतं. पन आता माझ्या बाजूला बसायला कोन मोकली हाय?" म्हणजे बाईची मोकळी वेळ गेली की फक्त करमणूक जात नाही, तिचं ज्ञानही जातं, मानही जातो. धवलेरीचा मान हा बाईचा मान आहे.

दुसरी गोष्ट मे २०२५ची. अवकाळी पावसानं वलांडीवरची मासळी भिजली, अळ्या पडल्या. पुढे १ जूनपासून मासेमारी बंद होणार, सुकी मासळी हाच आधार. आम्ही एका कार्यालयात गेलो, तर विचारलं, "बोट फुटली का?" बोट नवऱ्याच्या नावावर असते. बाईची मासळी कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. पण त्या दिवशी अर्ज घेऊन ज्या अठराजणी गेल्या, त्या सगळ्या गाण्याच्या गटातल्या होत्या. एकीच्या सुरात सूर मिळवायची सवय झालेल्या बाया साहेबासमोरही एकदम बोलल्या. भरपाई अजून मिळालेली नाही. अर्ज मात्र पोच घेऊन दिलाय आणि आपण तो सोडणार नाही.

गाण्यानं समुद्र थंड होत नाही. पण गाण्याची वेळ मागताना आपण जे मागतो, ते उष्म्याच्या लढाईतच मोडतं.

म्हणून तीन गोष्टी मांडते. एक, उन्हाळ्यात सराव रात्री साडेआठला, अर्धा तास. त्या वेळी पाणी आणि पोरं घरच्या पुरुषांनी बघायची, आणि हे प्रत्येकीनं घरी स्वतःच्या तोंडानं सांगायचं. दोन, ग्रामसभेत ठराव मांडायचा: मासळी सुकवायला छप्पर असलेले ओटे, पाण्याची सोय आणि भिजलेल्या मासळीचा पंचनामा बाईच्या नावानं. तीन, दर सरावाला दोन तरण्या मुलींनी आजीच्या बाजूला बसायचं.

येत्या गुरुवारी मी पेटी घेऊन येते. कोण कोण येणार, हात वर करा.