ध्रुवप्रदेशातला वारा आणि वीज

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ध्रुवप्रदेशातील पवनचक्क्यांशी आपला काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो अगदी घरचा आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी आपल्या गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली. तिचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम हे त्याआधी कित्येक वर्षे दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. ९ जानेवारी १९८२ रोजी त्यांच्या तुकडीने तेथल्या बर्फावर पाय ठेवला. आजही या मोहिमांची व्यवस्था वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे आहे. तेव्हा त्या बर्फात माणसे राहतात कशी, आणि दिवा लावतात कशाच्या जोरावर, ही चौकशी आपण करणे योग्यच होय.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज गेली तर आपण मेणबत्ती लावतो, महामंडळाला दोन शब्द बोलतो आणि वाट पाहतो. तेथे वाट पाहून भागत नाही. हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही, समुद्र गोठलेला असतो, आणि जहाज येण्याची आशा नसते. खोलीतली ऊब विजेवर. कित्येक तळांवर पिण्याचे पाणीदेखील बर्फ वितळवून करायचे, तेही विजेवर. आणि बाहेरच्या जगाशी बोलायचे तेही विजेवरच. वीज गेली की काही तासांतच जिवाशी गाठ पडते.

ही वीज आजवर मुख्यतः डिझेलच्या जनित्रांनी पुरविली आहे. आपल्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या दोन्ही तळांचा, म्हणजे १९८९ मधल्या आणि २०१२ मधल्या, मुख्य भारही इंधनावरच राहिला आहे. पण हे इंधन हजारो किलोमीटरवरून, उन्हाळ्याच्या थोड्या दिवसांत, जहाजाने न्यावे लागते. ते वाटेत सांडले तर काय होते, हे १९८९ च्या जानेवारीत जगाने पाहिले. अर्जेंटिनाचे ‘बाहिया परायसो’ हे जहाज अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकावर आदळले आणि सुमारे ६ लाख लिटर तेल समुद्रात गेले. पेंग्विन व इतर पक्ष्यांच्या वस्त्या जवळच होत्या. तेव्हापासून इंधन जितके कमी न्यावे लागेल तितके बरे, हा विचार बळावला. मग दाराशीच घोंघावणारा वारा कामाला का लावू नये?

आता हा वारा येतो कोठून ते पाहू. अंटार्क्टिकाचे पठार मध्यभागी उंच आणि किनाऱ्याकडे उतरते आहे. पठारावरची हवा बर्फाला टेकून अतिशय थंड होते, म्हणून जड होते, आणि उतारावरून पाणी धावावे तशी समुद्राकडे धावत सुटते. म्हणूनच प्रत्यक्ष दक्षिण ध्रुवावर, जेथे उतार जवळजवळ नाही, तेथे वारा त्या मानाने मवाळ असतो आणि किनाऱ्यावर मात्र तो थैमान घालतो. ऑस्ट्रेलियाचे डग्लस मॉसन १९१२ मध्ये केप डेनिसन येथे राहिले, तेव्हा त्यांनी मोजलेल्या वाऱ्याची वर्षाची सरासरीच ताशी ८० किलोमीटरच्या आसपास आली. वादळाचा वेग नव्हे, सरासरी!

विद्यार्थ्यांसाठी थोडे गणित सांगतो. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही. दोनचा घन आठ, म्हणून आठपट होते. शिवाय दाब सारखाच धरला तर उणे ३० अंशांची हवा आपल्याकडच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे पाव पटीने जड भरते, आणि जड हवा पात्यांना अधिक जोराने ढकलते. कागदावर पाहिले तर पवनचक्कीसाठी याहून चांगली जागा पृथ्वीवर सापडणार नाही.

पण कागदावर दंतचक्र झिजत नाही. नॉर्वेचे नान्सेन १८९३ मध्ये ‘फ्राम’ जहाज घेऊन उत्तरेच्या बर्फात मुद्दाम अडकून राहिले. त्या जहाजाच्या डेकवर एक पवनचक्की होती आणि तिच्यावर विजेचे दिवे लागत. ध्रुवाच्या काळोखात तो प्रकाश त्या माणसांना केवढा आनंद देत असेल! परंतु सततच्या वापराने तिची चाके झिजली आणि शेवटी ती उतरवावी लागली. पुढे कॅप्टन स्कॉट यांच्या ‘डिस्कव्हरी’ जहाजावरही पवनचक्की नेली होती. १९०२ च्या हिवाळ्यातल्या वादळांपुढे ती टिकली नाही. एकीला झीज नडली, दुसरीला वाऱ्याचा अतिरेक नडला. पुढची शंभर वर्षे यंत्रज्ञ याच दोन शत्रूंशी झगडत आले आहेत.

त्यांच्या जोडीला थंडी आहे. कडाक्याच्या थंडीत साधे पोलाद ठिसूळ होते, वंगण मेणासारखे घट्ट होते, पात्यांवर बर्फ चढून त्यांचा तोल जातो, आणि पिठासारखा बारीक बर्फ प्रत्येक फटीतून यंत्राच्या पोटात शिरतो. साधारण पवनचक्की ताशी ९० किलोमीटरच्या आसपास वारा गेला की स्वतःला थांबवून घेते. तेथे तर तेवढा वारा म्हणजे रोजचा पाहुणा!

तरीही माणसाने प्रयत्न सोडला नाही. जर्मनीने नॉयमायर तळावर १९९१ मध्ये उभ्या पात्यांची २० किलोवॅटची पवनचक्की बसविली. वारा कोणत्याही दिशेने आला तरी तिला तोंड फिरवावे लागत नसे. ऑस्ट्रेलियाने आपल्या मॉसन तळावर २००३ मध्ये प्रत्येकी ३०० किलोवॅटच्या दोन मोठ्या पवनचक्क्या उभ्या केल्या. न्यूझीलंडने रॉस बेटावर प्रत्येकी ३३० किलोवॅटच्या तीन पवनचक्क्या उभारून २०१० च्या जानेवारीत चालू केल्या. या मोठ्या यंत्रांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांत पाती आणि जनित्र यांच्यामध्ये दंतचक्रांची पेटीच ठेवलेली नाही. ज्या भागाने ‘फ्राम’ची चक्की बंद पाडली, तोच भाग काढून टाकला. झिजायला चाक नाही, गोठायला तेल नाही. याला मी खरी हुशारी म्हणतो.

रॉस बेटावर आणखी एक पेच होता. न्यूझीलंडच्या स्कॉट तळावरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, तर शेजारच्या अमेरिकन मॅकमर्डो तळावरची ६० आवर्तनांची. दोघे शेजारी, पण एकाची वीज दुसऱ्याला चालेना. मध्ये आवर्तने बदलणारे यंत्र बसवून दोन्ही तळ एका वाहिनीवर आणले. वारा क्षणभर पडला तर दिवे लुकलुकू नयेत म्हणून एक जड फिरते चाक ठेवले; ते आपल्या गतीत साठविलेली शक्ती काही सेकंद परत देते, आणि तोवर डिझेलचे जनित्र भार उचलते. या सगळ्या खटाटोपाने दोन्ही तळांचे इंधन वर्षाला सुमारे ४ लाख ६३ हजार लिटरांनी, म्हणजे ११ टक्क्यांनी वाचेल, असा हिशेब मांडला होता.

अवघे ११ टक्के, असे कोणी म्हणेल. पण जेथे प्रत्येक पिंप समुद्र ओलांडून न्यायचे, तेथे न न्यावे लागलेले पिंप म्हणजे वाचलेला धोका होय. आणि ज्यांनी मुळापासूनच तशी आखणी केली ते पुष्कळ पुढे गेले. बेल्जियमचा ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ तळ १५ फेब्रुवारी २००९ रोजी सुरू झाला. तेथे नऊ लहान पवनचक्क्या आणि त्यांच्या जोडीला सूर्यप्रकाशावर वीज करणारी तावदाने आहेत. पण त्या तळाची खरी करामत वीज निर्माण करण्याइतकीच ती वाटण्यात आहे. वीज कमी असली की कोणाच्या गरजेला पहिला मान आणि कोणी थांबायचे, हे एका नियमाने ठरते. गरजेच्या कामाला आधी, सोयीच्या कामाला मग. घर चालविणाऱ्या आपल्या माताभगिनींना हा नियम नवा नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे भाषण म्हणजे नुसती जाहिरात होईल. २०१७ च्या नोव्हेंबरात मॉसन तळावरील एका पवनचक्कीचे डोके पात्यांसकट खांबावरून तुटून खाली कोसळले. चौदा वर्षे इमानाने राबलेले यंत्र ते. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, आणि तळ अंधारातही गेला नाही. याचे कारण असे की डिझेलची जनित्रे तेथे होती, ती नीट राखलेली होती, आणि ती चालविणारी माणसे हाताशी होती. पवनचक्क्या आल्या म्हणून कोणी ती मोडीत काढली नव्हती.

मला आज सांगायचे आहे ते एवढेच. वारा फुकट मिळतो. वीज फुकट मिळत नाही. वाऱ्याची वीज होण्यासाठी मधे माणसाचा हात लागतो. उणे ३० अंशांत बोल्ट आवळणारा, आवाज बदलला की यंत्राचे दुखणे ओळखणारा, आणि वादळाची चाहूल लागताच वेळीच थांबविणारा हात. ध्रुवावरच्या तळावर शास्त्रज्ञांच्या बरोबरीने वीजतंत्री, इंजिनाचा मेस्त्री, डॉक्टर आणि स्वयंपाकी राहतात. हिवाळ्याच्या काळोखात त्यांच्यात मोठा कोण आणि लहान कोण, हा प्रश्न उरत नाही. जनित्र बंद पडले तर मोठ्यात मोठ्या विद्वानाची नजर मेस्त्रीकडेच लागते.

आपल्या समाजात मुलगा किंवा मुलगी आय. टी. आय.ला जाते म्हटले की अजूनही काही घरांत चेहरे उतरतात. ‘गुण कमी पडले असतील,’ असे शेजारीपाजारी कुजबुजतात. त्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे, की पृथ्वीच्या त्या टोकाला जी माणसे इतरांना जिवंत ठेवतात, त्यांत तुमच्या मुलांनी शिकलेली विद्या जाणणारी माणसे आहेत. आणि मुलांनो, ज्या गावाहून या मोहिमांची सूत्रे हलतात ते वास्को दूर नाही. विज्ञान शिका, हाताचे कामही शिका, आणि दोन्ही सारख्याच अभिमानाने करा.