तारा किती पुरतील?

दूरध्वनीच्या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्या तरुणास वाटतें, तारा जोडतां आल्या कीं काम झालें. परंतु शहरास तारा पुरतील किती? कमी पडल्या, तर डॉक्टरास बोलावणाऱ्याची हांक परत फिरते. अधिक झाल्या, तर खर्च ग्राहकांच्या माथीं बसतो. डेन्मार्कचा गणितज्ञ आग्नर एरलांग १९०८ सालीं कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत नोकरीस लागला. शंभर हांकांपैकीं सरासरीनें किती परत फिरतील, हें सांगणारें सूत्र त्यानें १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. हाच गृहस्थ शिडीनें रस्त्याखालील खळग्यांत उतरून विजेचे प्रवाहहि मोजी! १९४६ सालीं संभाषणांच्या वाहतुकीच्या मापास त्याचें नांव मिळालें. मोबाईलच्या जाळ्यांतहि तें माप चालतें. या विद्येंत नवें कांहीं करूं इच्छिणाऱ्यानें शिडी आणि गणित, दोन्ही जवळ बाळगावीं.