मूस, घण आणि लेखणी



आपल्या धंद्याच्या पूर्ववैभवाचे गोडवे अशा प्रसंगी नेहमीच गायिले जातात. ते वैभव लोपले कसे, याविषयी आम्ही आज दोन शब्द बोलणार आहोत.

दक्षिणेत पूर्वी ‘उक्कू’ नावाचे पोलाद होत असे. तेलंगणातील कोनासमुद्रम् हे त्याचे नामांकित ठिकाण; तेथे इराणचे व्यापारी खरेदीस येत. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे घालीत. काही गावी त्यांबरोबर तरवडाचे लाकूड व रुईची पाने घालण्याची चाल होती. तोंड लिंपून मूस भट्टीत ठेवीत आणि तासन्‌तास भाता चालवीत. लाकडातील कार्बन लोखंडात उतरे. मूस सावकाश निवली, की शेकडा सुमारे दीड भाग कार्बनचा गोळा हाती येई.

खरे कसब पुढेच. गोळा पांढराशुभ्र तापवून घण मारला, तर त्याच्या ठिकऱ्या होत. मंद तांबड्या आचेवर धीराने घडविला, तरच पाते साधे आणि त्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. ही आच ओळखावयाची ती केवळ डोळ्यांनी.

१७९४ च्या सुमारास मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडिले. तेथील स्टोडार्ट नावाच्या कारागिराने त्यातून लेखणी तासण्याचा चाकू घडविला व तो उत्तम ठरला. डॉक्टर पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यावर निबंध वाचला. पुढे १८१९ मध्ये मायकेल फॅरडे यांनी त्याचे पृथक्करण केले. हे थोर शास्त्रज्ञ लोहाराचेच पुत्र होते.

पुढे कारखान्यांचे स्वस्त पोलाद आले, तलवारींची मागणी ओसरली आणि आपल्याकडील भट्ट्या विझल्या. त्यांबरोबर ती विद्याही गेली. कारण ती हातात होती, कागदावर नव्हती. अमेरिकेत व्हर्होवेन हे प्राध्यापक आणि पेंड्रे हे लोहार यांनी एकत्र बसून वर्षानुवर्षे प्रयोग केले, तेव्हा कोठे १९९८ मध्ये असे मांडता आले की, ती नक्षी लोखंडातील व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अत्यल्प अंशामुळे उमटते. प्राध्यापकाची लेखणी व लोहाराचा घण एकत्र आले, म्हणून हे साधले.

बंधूंनो, आपल्यांतही विळा, कोयता, सुरी घडविणारे वृद्ध कारागीर आहेत. कोणता कोळसा, कोणती लाली, कोणत्या क्षणी धारेला पाणी द्यावयाचे, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्या मुलामुलींनी वही घेऊन त्यांच्या भट्टीपाशी बसावे, विचारावे आणि जसेच्या तसे लिहून काढावे. मंडळाने ते छापावे. लेखणी तासण्याचा चाकू आपल्या पोलादाचा झाला. लेखणी मात्र आपण हाती धरली नाही. ती आता धरावी, एवढीच आमची विनंती आहे.